चिकटपट्टीखालचं लेबल

चौतीस वर्षं मी व्हिस्कीवर पोट भरलं आणि त्या काळात तिचा एक थेंबही जिभेला लावला नाही. हे मी पुण्यकर्म म्हणून सांगत नाही. मला नुसत्या वासानं मळमळायचं. पण नारायण पेठेत याचा अर्थ संयम असा लावला जाई आणि मीही तो लावू देई.

नगर रस्त्यावरच्या एका मद्याच्या कंपनीत मी लेबल विभागात होतो. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि मी. बाटलीवर जे जे छापलं जाणार ते नियमात बसतं की नाही हे पाहायचं, नमुना मंजुरीसाठी सरकारी खात्याकडे पाठवायचा, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि मंजुरी आली की छपाईला सोडायचं. दर राज्याचं लेबल निराळं आणि मंजुरी ठरावीक मुदतीची. इशाऱ्याची अक्षरं किती मिलिमीटर उंच हवीत हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कोणी उठवलं नाही, एवढंच. शेजाऱ्यांना मी ‘पॅकेजिंगमध्ये आहे’ असं सांगत असे. त्यामुळे समोरच्या काकू दर दिवाळीला माझ्याकडे फराळासाठी रिकामे खोके मागत आणि मी ते बाहेरून विकत आणून देत असे.

लोकांना वाटतं, व्हिस्की म्हणजे व्हिस्की. तसं कोणी म्हणालं की माझं डोकं तापायचं. कागदावर तिचे प्रकार आहेत. मोड आणून वाळवलेल्या जवाची, एकाच कारखान्यात गाळलेली, ती सिंगल माल्ट. यातल्या ‘सिंगल’चा अर्थ एकच पिंप असा नाही. मी समजावताना दुधाचं उदाहरण द्यायचो. एका म्हशीचं दूध असा त्याचा अर्थ नाही, एका डेअरीचं दूध असा आहे, मग म्हशी कितीका असेनात. दोन कारखान्यांच्या माल्ट एकत्र केल्या की ती ब्लेंडेड माल्ट. आणि साध्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट मिसळली की नुसती ब्लेंडेड. आपल्याकडची बहुतेक मंडळी जी व्हिस्की म्हणून पितात ती ही, आणि तिच्यातलं स्पिरिट बरेचदा उसाच्या मळीचं असतं. आपल्या नियमात ते चालतं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी लग्नकार्यांत, पंगतीत, कोणीही न विचारता सांगत असे.

वयाचं कलम तर माझं सर्वांत लाडकं. बाटलीवर वय लिहायचं तर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या थेंबाचं लिहायचं. बाकीची तीस वर्षांची असली आणि एकच भाग तीन वर्षांचा असला, तरी लेबलावर तीनच. शिवाय वय मोजायचं ते लाकडी पिंपातलं. एकदा बाटलीत भरली की घड्याळ बंद. मग ती बाटली तुम्ही पन्नास वर्षं कपाटात ठेवा, वय एका दिवसानंही वाढत नाही.

घरीही माझं तेच चाले. बरण्यांवर मी लेबलं लावायचो. ‘कैरी लोणचं, ब्लेंडेड, दोन झाडांच्या कैऱ्या’ असं एकदा लिहिलं होतं. बायको म्हणाली, “अहो, हे खायचंय की मंजुरीला पाठवायचंय?” मी पुढच्या बरणीवर अक्षरं जरा लहान केली.

माझ्याकडे मद्य पिण्याचा आजीवन परवानाही होता. आपल्या राज्यात कायद्यानं तो लागतो हे पिणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मी पीत नव्हतो, पण या धंद्यातल्या माणसाकडे परवाना नसणं मला गबाळेपणाचं वाटलं. पाकिटात एका बाजूला मारुतीचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला परवाना, असा मी हिंडत होतो.

नोकरीला चौतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला दोन उरली होती तेव्हा मुलीनं सांगितलं की तिनं लग्न ठरवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला. घर कात्रजच्या पुढे, जे गाव आता महापालिकेत आलं त्या गावातलं. शेती होती, त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर आता इमारती उभ्या राहिल्यात. मुलगा हुशार, बोलायला मोकळा, पाहताक्षणी आवडावा असा. मी ‘छान’ म्हणालो. आम्ही सुधारलेले, जातपात बोलत नाही. बोलत नाही एवढंच खरं. मनात मात्र मी त्या रात्रभर एक लेबल तयार करत होतो. आमच्या घराला मी सिंगल माल्टमध्ये घातलं होतं आणि त्यांच्या घराला कुठे घालायचं हे ठरत नव्हतं. माझी आई कोकणातली, आजी बडोद्याची, आजोबा कुठून आले ते कोणाला नक्की ठाऊक नाही. पण स्वतःच्या बाटलीवर काय छापायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, त्याला कोण मंजुरी मागतो!

एका रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे जेवायला गेलो. मोठा बंगला, दारात तीन गाड्या आणि मागे अजूनही म्हशींचा गोठा. मुलाच्या वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, हात शेतकऱ्याचे. आमच्यासाठी मुद्दाम सगळं शाकाहारी केलं होतं. पुरणपोळीवर तूप वाढताना मुलाची आई माझ्याकडे बघतच नव्हती, ताटाकडे बघत होती. त्यामुळे तूप थांबलं नाही. मला हे सगळं फार आवडलं आणि ते आवडल्यामुळे मी आणखीनच ताठ बसलो.

जेवणं झाल्यावर अण्णा आत गेले आणि खाकी लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. ती त्यांनी माझ्या हातात दिली, तान्हं मूल द्यावं तशी, खालून हात लावून.

“पोरगी म्हनली, तुमी हिस्कीच्या कंपनीत. म्हनलं, दाखवावी तुमाला. उघडायची न्हाई हां आज. लग्नात उघडायची. नुस्ती बगा. सत्तावीस वर्साची हाय.”

चौतीस वर्षांत मला कोणी आपण होऊन बाटली वाचायला दिली नव्हती. मी चष्म्याचं घर उघडलं, चष्मा लावला. अण्णा पुढे काहीतरी सांगत होते, भाऊ, सुट्टी, बारसं असे शब्द कानावर पडत होते. माझे कान त्या वेळी बंद असतात. लेबल वाचताना मला ऐकू येत नाही.

लेबलावर आडवी एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी, पिवळी पडलेली, वर पेनानं काहीतरी खरडलेलं; छापील नसलेलं मी वाचत नसे. आता ऑफिसात आमचा एक शिरस्ता होता. छापील लेबलावर कोणी वरून चिठ्ठी चिकटवली असेल तर ती आधी काढायची, कारण खाली काहीतरी लपवलेलं असतं. माझ्या नखाला ती सवयच लागली होती. बाजारात मधाची बाटली घेतली तरी नख आपोआप कोपऱ्याशी जायचं. त्या दिवशीही गेलं. डिंक वाळून गेला होता, पट्टी अलगद सुटून हातात आली. मी खालचं लेबल वाचू लागलो.

वाचून झाल्यावर मी घसा साफ केला. तो मी का केला, देव जाणे.

“अण्णा, एक सांगू का? हिला सत्तावीस वर्षांची म्हणता येणार नाही. वय पिंपातलं धरतात. बाटलीत वाढत नाही. आणि हिच्यावर वय छापलेलंच नाही, म्हणजे नियमानं हिचं वय सांगताच येत नाही. ही साधी ब्लेंडेड आहे. स्पिरिट बहुतेक मळीचं असणार. आपल्याकडे ठीक आहे, पण युरोपात हिला कोणी व्हिस्की म्हणणार नाही.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखीची आहे. मुलीनं पाहिलं नाही. अण्णांनी हात पुढे केला, बाटली घेतली, मोजा तिच्यावर चढवला.

“ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते चहा घ्या म्हणायला.

येताना रिक्षात, स्वारगेटच्या आसपास मी म्हणालो, “खोटं तर काही बोललो नाही ना?” बायको म्हणाली, “अहो, आता जरा गप्प बसता का?” मी बसलो.

संध्याकाळी मुलीला मुलाचा फोन आला. ती बाल्कनीत उभी राहून बराच वेळ नुसती ऐकत होती. मग आत येऊन माझ्यासमोर बसली.

ती बाटली अण्णांच्या धाकट्या भावानं आणली होती. भाऊ फौजेत होता. पुतण्याच्या बारशाला सुट्टी काढून आला तेव्हा कॅन्टीनमधून घेऊन आला. स्वतःच्या हातानं तिच्यावर चिकटपट्टी लावली, पेनानं लिहिलं आणि अण्णांकडे दिली. सुट्टी संपवून गेला आणि महिन्याभरात डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. तो गेला, घरी त्याच्या सामानाची पेटी आली. त्याच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नव्हतं, तो पत्रं लिहिणाऱ्यातला नव्हता. अण्णांनी ती बाटली सत्तावीस वर्षं त्याच्याच मोज्यात ठेवली. गावातल्या कोणाला दाखवली नव्हती. आणि आता पट्टी बाटलीवर नव्हती. घरभर शोधत होते. अण्णा जेवायला बसले नव्हते.

“ते म्हणाले, लग्नाचं जरा थांबू,” मुलगी म्हणाली. “बाबा, मला एकदाच खरं सांग. तुला हे लग्न नकोय ना?”

“मी कधी असं म्हणालो?”

“तू म्हणाला नाहीस. तू बाटलीला म्हणालास.”

एरवी सरकारी खात्याच्या कुठल्याही शंकेला माझं उत्तर तीन दिवसांत जात असे. आपली मुलगी आपल्याला इतकी स्वच्छ वाचते आणि आपण आयुष्यभर वाचनाचीच ऐट मिरवतो, याची मला लाज वाटली. साधीसुधी नाही, पायाखालची फरशी नकोशी व्हावी अशी.

मग मी चष्म्याचं घर उघडलं. कारण सोलून काढलेल्या चिठ्ठ्या मी कुठे ठेवतो ते मला माहीत होतं. ऑफिसात केराची टोपली लांब होती, म्हणून मी त्या चष्म्याच्या घराच्या आत चिकटवत असे आणि घरी जाऊन काढत असे. तिथे ती होती, ‘शुद्ध मध’च्या एका चिठ्ठीच्या शेजारी. निळी शाई पसरून जांभळट झाली होती. अक्षर शाळकरी, उजवीकडे चढत गेलेलं. लिहिलं होतं: ‘पोराच्या लग्नात उघडायची. आधी नाही. मी येतो.’

मी ती दोघींना दाखवली. बायकोनं वाचली आणि आत जाऊन चेहरा धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली. माझ्या नोकरीतली ती बहुधा पहिली रजा जिच्या अर्जात मी कारण लिहिलं नाही. स्वारगेटहून कात्रजची बस पकडली. चष्म्याचं घर शर्टाच्या खिशात उभं ठेवलं होतं आणि बसमध्ये कोणी जवळ आलं की मी छातीवर हात ठेवत होतो. कंडक्टरनं विचारलं, “काका, बरं वाटत नाही का?” मी म्हणालो, “नाही वाटत.” त्यानं मला बसायला जागा करून दिली. वाटेभर मी माफीचा मसुदा करत होतो. पहिला मसुदा फार लांब झाला. दुसऱ्यात ‘अनवधानाने’ हा शब्द आला आणि मला स्वतःचाच राग आला.

अण्णा गोठ्यात होते. मला बघून त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली, पण ‘या’ म्हणाले नाहीत. मी तिथेच, शेणात उभा राहून चष्म्याचं घर उघडलं आणि पुढे धरलं.

“मी काढली. सवयीनं काढली. मला ऐकू येत नाही वाचताना. चुकलो.”

एवढंच जमलं. दोन्ही मसुदे बसमध्येच राहिले.

त्यांनी हात पुसले, धोतरानं नव्हे, आत जाऊन साबणानं धुऊन पुसले, मग पट्टीकडे बघितलं. हात लावला नाही. गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुमचं कायद्याचं खरं आसंल,” ते म्हणाले. “पर मला एक सांगा. मानसानं सत्तावीस वर्सं संबाळली, ते कुटं मोजत्यात?”

“पिंपातलंच मोजतात,” मी म्हणालो. म्हणजे पाहा, त्या क्षणालासुद्धा.

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

“आवो मग आमच्या घराला पिंप समजा की.”

मी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. चष्मा नव्हता तेवढं बरं झालं. त्यांनी उठून बाटली आणली. कट्ट्यावर ठेवली.

“लावा. तुमीच काडली, तुमीच लावा. सरळ लावा, तुमचंच काम हाय ते.”

जुना डिंक गेला होता. मुलाच्या आईनं भाताच्या चार शितांची खळ करून दिली. चौतीस वर्षांत मी हजारो लेबलांचं कौतुक केलं, चुका काढल्या, पण बाटलीवर स्वतःच्या हातानं चिकटवलेलं हे पहिलंच. खालच्या लेबलावर पट्टीची फिकट जागा दिसत होती, त्या खुणेवर खूण ठेवून मी ती लावली. तरी डावीकडे केसभर वाकडी बसली. अण्णांनी पाहिलं. “त्यानं बी वाकडीच लावली हुती,” ते म्हणाले.

उठताना मी विचारलं, “लग्नाचं काय?”

“थांबू म्हनलं हुतं. मोडू न्हवतं म्हनलं,” ते म्हणाले. “च्या घ्या आता.”

लग्न चार महिन्यांनी झालं. मंगल कार्यालयात असली गोष्ट उघडता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या अंगणात, मांडवाखाली, घरची दहाबारा माणसं बसली. खुर्च्यांच्या मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवली होती. तिच्यावर तो खाकी मोजा घडी घालून ठेवला होता.

अण्णांनी बूच फिरवलं. पहिला पेला भरून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. दुसरा माझ्याकडे आला. मुलगी माझ्याकडे बघत होती, नव्या हिरव्या बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवून. परवाना पाकिटात होताच, त्याचा उपयोग व्हायला इतकी वर्षं लागली. मी नाक न धरता घोट घेतला. घशातून आग खाली उतरली, डोळ्यांतून पाणी आलं. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. प्रकार कोणता तेही त्या वेळी आठवलं नाही.

मुलाचे एक मामा होते, पुण्याबाहेरून आलेले, त्यांना आधी घडलेलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पेला उन्हात धरून पाहिला.

“जुनी दिसतीय. किती वर्साची म्हनायची?”

सगळे अण्णांकडे वळले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

मी खिशातून चष्मा काढला, लावला, बाटली खालून हात लावून उचलली आणि पट्टीवरच्या तिन्ही ओळी वाचल्या.

“सत्तावीस वर्षांची,” मी म्हणालो, आणि बाटली त्या रिकाम्या खुर्चीजवळ ठेवली.